चोंदणं आणि संपणं

डिसेंबरातल्या एका सकाळी आमचा गॅस गिझर पेटेना. सेल बदलले, सिलिंडर हलवून पाहिला, नळ चार वेळा उघडझाप केला. नुसतं टिकटिक व्हायचं आणि थांबायचं. शेवटी मेकॅनिकला बोलावलं. त्याने गिझरचं झाकणसुद्धा उघडलं नाही. बेसिनचा गरम नळ सोडला, तशी भक्कन ज्वाला आली. मग बाथरूममध्ये डोकावून म्हणाला, "साहेब, गिझर ठणठणीत आहे. शॉवरला ते काय लावलंय?"

ते म्हणजे शॉवर फिल्टर. मुलीचे केस गळतात म्हणून सहा महिन्यांपूर्वी मागवलेला, चकचकीत, तांब्याएवढा डबा. गॅस गिझरमध्ये वाहत्या पाण्याच्या दाबाने एक रबरी पडदा सरकतो आणि तो सरकला तरच गॅसची झडप उघडते. पाण्याला वेग नसेल तर गिझर पेटणारच नाही. आम्ही राहतो सर्वांत वरच्या मजल्यावर, टाकीच्या अगदी खाली. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण एक बार. आमच्या शॉवरच्या वर टाकी जेमतेम तीन मीटर, म्हणजे आधीच पाव-एक तृतीयांश बारवर भागवायचं. त्यात हा डबा चोंदलेला. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे हाच फिल्टर असता तर त्यांना अजून वर्षभर पत्ता लागला नसता.

मेकॅनिक व्हिजिटचे पैसे घेऊन गेला. मी डबा उघडला, आतला कार्ट्रिज नळाखाली धरला, तपकिरी पाणी निघून गेलं, परत बसवला. शॉवर पहिल्यासारखा जोरात, गिझरही पेटला. फिल्टर नवा झाला असं मला वाटलं, आणि पुढचे कित्येक महिने मी तो तसाच धूत राहिलो.

चूक इथेच होती. कार्ट्रिज दोन तऱ्हांनी निकामी होतो. एक म्हणजे तो चोंदतो: गाळ, गंज, शेवाळ अडकून पाण्याची वाट बंद होते. दुसरं म्हणजे तो संपतो: आतल्या पदार्थाचं काम करण्याचं बळ सरतं, वाट मात्र मोकळीच राहते. चोंदलेला धुऊन उघडता येतो. संपलेला धुऊन भरत नाही. पाण्याचा जोर आपल्याला फक्त पहिल्याबद्दल सांगतो. दुसऱ्याबद्दल तो अवाक्षर काढत नाही.

एक जुना कार्ट्रिज मी वर्तमानपत्रावर ठेवून करवतीच्या पात्याने आडवा कापला. (सगळ्यांनी एकदा कापून पाहावा, जाहिरातीतल्या 'पंधरा स्तरां'ची ओळख त्याशिवाय होत नाही.) दोन्ही टोकांना स्टीलची बारीक जाळी आणि तिच्यामागे पांढऱ्या कापसासारखी गादी. आत येणाऱ्या बाजूची गादी चहाच्या गाळणीच्या रंगाची झाली होती, बाहेर जाणाऱ्या बाजूची जवळजवळ कोरी. मध्ये धातूची भरड पूड, जाड्या रव्यासारखी, एके काळी पितळी असणार, आता काळवंडलेली. मग पांढरे खडे, साबुदाण्यापेक्षा लहान, बरेचसे विरघळून एकमेकांना चिकटलेले. मग काळे कण. आणि शेवटी राखाडी, गुलाबी, हिरवट अशा हरभऱ्याएवढ्या मातीच्या गोळ्या. त्या गोळ्या अगदी जशाच्या तशा होत्या. इतक्या महिन्यांत त्यांना काही झालं नव्हतं, कारण त्यांनी काही केलंच नव्हतं. स्तरांची संख्या वाढवायला त्या उपयोगी पडतात.

पितळी पूड म्हणजे केडीएफ या नावाने विकलं जाणारं तांबं-जस्ताचं मिश्रण. दोन धातू पाण्यात एकमेकांना चिकटून राहिले की इलेक्ट्रॉनांची देवघेव चालू होते, त्यात पाण्यातल्या क्लोरीनचं निरुपद्रवी क्लोराइड होतं. पांढरे खडे कॅल्शियम सल्फाइटचे. तेही क्लोरीनचं क्लोराइडच करतात, गरम पाण्यातसुद्धा. पण हे करताना स्वतः सल्फेट होऊन संपतात. काळे कण सक्रिय कोळशाचे, म्हणजे ॲक्टिव्हेटेड कार्बनचे. याच्या एका ग्रॅममध्ये इतकी बारीक छिद्रं असतात की सगळ्या पृष्ठभागाची गोळाबेरीज हजार चौरस मीटरच्या आसपास जाते. मात्र त्याला सवड लागते. शॉवरमधून मिनिटाला आठ-नऊ लिटर पाणी जातं. कार्ट्रिजमध्ये एखाद्या पदार्थाचे शंभर मिलिलिटर कण असतील, तर पाण्याला त्यांच्या संगतीत पाऊण सेकंदही मिळत नाही. स्वयंपाकघरातल्या थेंबथेंब चालणाऱ्या फिल्टरचं गणित इथे लागू पडत नाही.

तर मग या डब्याने पाणी मऊ होतं का? बहुतेकांनी तो त्याचसाठी घेतलेला असतो.

शाळेत आपण 'दुष्फेन पाणी' हा शब्द शिकलो. साबणाला फेस येऊ न देणारं ते दुष्फेन. आजी याच पाण्याला जड म्हणायची, आणि तिची चाचणी साबणाची नव्हती, तुरीच्या डाळीची होती: "त्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही." तिचं बरोबर होतं. पाण्यातला कॅल्शियम डाळीच्या पेशींना धरून ठेवणाऱ्या पेक्टिनला घट्ट करतो, म्हणून डाळ गोटा राहते. आमच्याकडे उन्हाळ्यात धरणाचं पाणी कमी पडलं की टँकर येतात, बोअर चालू होते, आणि कुकरच्या दोन शिट्ट्या वाढतात. पुण्यात खडकवासल्याचं पाणी मुळात हलकं. मुंबईला भातसा-तानसा-वैतरण्याचं येतं तेही तसंच. काळ्या कातळातून झिरपून बोअरला लागणारं पाणी मात्र कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊन येतं.

आता आकडेमोड. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्याची कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावी. आपण मधलं, ३०० मिलिग्रॅमचं पाणी धरू. वीस लिटरच्या एका बादलीत कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने सहा ग्रॅम क्षार आले. चौघांचं घर, प्रत्येकी पाच मिनिटं शॉवर, म्हणजे दिवसाला किमान एकशे साठ लिटर पाणी आणि अठ्ठेचाळीस ग्रॅम क्षार. महिन्याला झाले सुमारे दीड किलो. आमचा आख्खा कार्ट्रिज स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला तर अर्धा किलोही भरत नाही. त्याने हे क्षार पकडून ठेवले असते तर महिन्याभरात तो डबा फुटायला हवा होता.

पाणी खरोखर मऊ करणारा पदार्थ वेगळा: रेझिन. खसखशीएवढे, पिवळसर, पारदर्शक मणी. ते कॅल्शियम धरतात आणि त्याच्या बदल्यात सोडियम सोडतात. असं अर्धा लिटर रेझिन एका वेळी साधारण पंचवीस-तीस ग्रॅम क्षार ओढतं. म्हणजे चार-पाच बादल्या. म्हणून तर सोसायटीच्या गच्चीवर सॉफ्टनर बसवला की माणसाच्या उंचीची टाकी येते आणि मिठाची पोती येतात. थोडक्यात, शॉवरच्या डब्याचं मुख्य काम क्लोरीन कमी करणं आणि गाळ अडवणं. अमेरिकेत शॉवर फिल्टरसाठी एनएसएफ १७७ म्हणून मानक आहे, तेही मोजतं ते मोकळा क्लोरीन किती घटला एवढंच.

केसांबद्दल मुलीने विचारलं, तेव्हा मी थोडं वाचन केलं. कठीण पाण्याने केस राठ लागतात, साबणाचा चिकट थर बसतो, हे खरं. केस मुळापासून गळतात याला मात्र भक्कम आधार सापडत नाही. त्वचेचं म्हणाल तर इंग्लंडमध्ये इसब असलेल्या ३३६ मुलांच्या निम्म्या घरांत बारा आठवडे खराखुरा सॉफ्टनर लावून पाहिला होता. २०११ साली निष्कर्ष आला की इसबात फरक पडला नाही. जिथे सॉफ्टनरने भागलं नाही तिथे मातीच्या गोळ्या काय करणार?

आता क्लोरीन. गावाकडे ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकल्यावर 'ओटी टेस्ट' करतो ती पाहिली असेल: काचेच्या नळीत पाणी, त्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब, पिवळं झालं की क्लोरीन आहे. ही बाटली दुकानात सहज मिळते. (हात धुवावेत, तपासलेलं पाणी पिऊ नये, मुलांच्या हाती बाटली देऊ नये.) मी तीन नळ्या भरल्या. खाली महापालिकेच्या थेट नळाचं पाणी लिंबाच्या सालीसारखं पिवळं झालं. गच्चीवरच्या टाकीतून आलेलं, टँकर आणि बोअर मिसळलेलं पाणी फिल्टरच्या आधी घेतलं, ते बिनरंगी. फिल्टरनंतरचंही बिनरंगी. म्हणजे आमच्या डब्याकडे उन्हाळाभर क्लोरीन येतच नव्हता, आणि डबा तो काढत होता! ज्यांच्याकडे क्लोरीन येतो त्यांचं पाणी बहुधा धरणाचं, हलकं; ज्यांचं पाणी जड त्यांच्याकडे बोअरचं, क्लोरीन नसलेलं. ही गंमत विक्रेता सांगत नाही. तो टीडीएस मीटर बुडवून दाखवतो, जो क्लोरीनही मोजत नाही आणि शॉवर फिल्टरच्या आधी-नंतर बदलतही नाही.

मग फिल्टर काढून टाकावा का? आम्ही नाही काढला. जुलै-ऑगस्टात धरणात गढूळ पाणी येतं, टँकरवाला तळाचं पाणी उपसतो, इमारतीच्या लोखंडी पाइपातून गंज सुटतो; ती कापसाची गादी हे सगळं इमानाने अडवते. धुवायची ती मुख्यतः तीच.

धुताना आधी अँगल कॉक बंद करावा आणि शॉवर एकदा उघडून आतलं पाणी सोडून द्यावं. डबा हातानेच फिरवावा. ओल्या हातात घसरत असेल तर जाड फडकं किंवा रबरी हातमोजा घ्यावा. पाना लावला की क्रोमचा मुलामा सोलतो आणि आतली प्लॅस्टिकची आटी चिरते, मग नवा डबाच आणावा लागतो. उघडताना वायसर, ओ-रिंग, स्प्रिंग कोणत्या क्रमाने निघाले ते पाहून तसेच ओळीने मांडावेत. मोबाइलवर फोटो काढावा हे उत्तम. जाळी आणि गादी जुन्या मऊ टूथब्रशने, साध्या पाण्याने. साबण नको, तो गादीत अडकून पुढचे चार दिवस फेस काढत राहतो. कार्ट्रिजचं बाहेर जाण्याचं तोंड वर करून त्यात जेटने हलक्या धारेने उलट पाणी सोडावं, म्हणजे गाळ ज्या वाटेने आला त्याच वाटेने बाहेर पडतो. बाहेर येणारं पाणी बादलीत धरून पाहावं. पहिला मग तपकिरी, दुसरा मातकट, चौथा-पाचवा स्वच्छ. तिथे थांबावं. कार्ट्रिजवर बाण असतो, परत बसवताना तो पाण्याच्या दिशेने यायला हवा; काही कार्ट्रिज मुद्दाम दोन्हीकडून चालणारे असतात, ते दर वेळी उलटे बसवले की गाळ आपोआप सुटत राहतो. ओ-रिंगला धूळ लागलेली नसावी. टेफ्लॉन टेप फक्त धातूच्या आटीवर, आटी आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने चार-पाच वेढे. जिथे रबरी वायसर बसतो तिथे टेप लावली तर गळती थांबण्याऐवजी सुरू होते.

कोणता भाग आंबटात बुडवावा आणि कोणता नाही, इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. शॉवरच्या चाळणीच्या भोकांवर जो पांढरा थर बसतो तो कॅल्शियम कार्बोनेटचा. जड पाणी तापलं की त्यातला बायकार्बोनेट मोडून हा थर बनतो, म्हणून गरम पाण्याच्या बाजूला तो जास्त. त्याला लिंबूसत्त्व नामी. अर्धा लिटर कोमट पाण्यात एक मोठा चमचा, चाळणी काढून त्यात अर्धा तास. बारीक बुडबुडे उठतात, तो कार्बन डायऑक्साइड. बुडबुडे थांबले की एक तर थर संपला किंवा आंबट संपलं. चाळणी निघत नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत द्रावण घालून रबरबँडने वर बांधावी. रात्रभर ठेवू नये, क्रोमचं तेज जातं.

कार्ट्रिज मात्र यात बुडवायचा नाही. हे मी अनुभवाने सांगतो. चाळणी इतकी छान निघाली म्हणून त्याच उत्साहात मी कार्ट्रिज व्हिनेगरच्या वाडग्यात ठेवला. पाच मिनिटांत बाथरूममध्ये काडेपेटीची काडी ओढल्यासारखा वास. सल्फाइटवर आम्ल पडलं की सल्फर डायऑक्साइड सुटतो. दमा असलेल्या माणसाला तो त्रास देऊ शकतो. शिवाय तांबं-जस्ताच्या पुडीलाही आम्ल खातं आणि धातू पाण्यात उतरतो. म्हणजे आपण कार्ट्रिज साफ करत नसतो, संपवत असतो. ब्लीचच्या पाण्यात ठेवण्याची युक्तीही तशीच: क्लोरीन काढणाऱ्या पदार्थाला क्लोरीनच्या हौदात बुडवून त्याचं उरलंसुरलं बळ एका तासात काढून घ्यायचं. आणि ब्लीच व आम्ल ही जोडी एकत्र तर कधीच नाही, त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. संडास साफ करण्याचं ॲसिडही त्यातच आलं.

उन्हात वाळवणं हा आपला सर्वरोगहर उपाय. पापडाला, गादीला, लोणच्याच्या बरणीला तो चालतो. कोळशाची छिद्रं मोकळी करायला मात्र कारखान्याच्या भट्टीत शेकडो अंश तापमान लागतं, गच्चीवरचं मे महिन्याचं ऊन पुरत नाही. घरी खरोखर पुन्हा भरून निघतं ते फक्त रेझिन. कार्ट्रिजमध्ये ते असेल आणि सुटं काढता येत असेल, तर लिटरभर पाण्यात शंभर ग्रॅम खडेमीठ विरघळवून, फडक्याने गाळून, त्यात ते अर्धा-पाऊण तास ठेवावं आणि खारटपणा जाईपर्यंत धुवावं. मिठातला सोडियम मण्यांतल्या कॅल्शियमला हाकलून लावतो. पण वरचं गणित आठवा: हे दर चार-पाच बादल्यांनी करायचं आहे. मी दोन दिवस केलं.

गावाला जाण्याचा प्रसंग थोडा गंभीरपणे घ्यायला हवा. क्लोरीन काढलेलं पाणी ओल्या कणांत पंधरा दिवस साचून राहिलं, तर जंतूंना दुसरं काय हवं? २००९ मध्ये कोलोराडो विद्यापीठातल्या नॉर्मन पेस यांच्या चमूने अमेरिकेतल्या अनेक शहरांतल्या शॉवरच्या चाळण्या तपासल्या, तेव्हा त्यांत क्षयाच्या जंतूंचे दूरचे भाऊबंद, मायकोबॅक्टेरिया, चिकट थर करून राहिलेले सापडले. निरोगी माणसाला त्यांचं सहसा काही होत नाही. फुप्फुसं कमजोर असणाऱ्यांनी सांभाळावं. लीजिओनेला हा दुसरा जंतू २० ते ४५ अंशांच्या पाण्यात वाढतो, आणि बारीक तुषार श्वासात गेले की आजार करतो. म्हणून आठवड्याहून जास्त बाहेर जायचं असेल तर कार्ट्रिज काढून, झटकून, हवेशीर जागी ठेवावा. परत आल्यावर चाळणी काढून दोन-तीन मिनिटं पाणी धारेने बादलीत सोडावं, तुषार उडू न देता. उघडताना बुळबुळीत लागला किंवा कुबट वास आला तर धुण्याच्या भानगडीत पडू नये, टाकून द्यावा.

नवा कार्ट्रिज आणल्यावर पहिलं पाणी दुधी किंवा काळसर येतं, ती कणांची पूड असते. ते पाणी बादलीत धरून फरशीला वापरावं. कार्ट्रिज कधी बदलायचा, हे क्लोरीन येत असलेल्या घरात ओटीची बाटली सांगते: फिल्टरनंतरची नळी आधीच्या नळीइतकीच पिवळी झाली की तो संपला, मग शॉवर कितीही जोरात असो. क्लोरीन येतच नसेल, तर महागडा स्तरवाला भरणा घेण्यात अर्थ नाही. आमच्या डब्यात आता नुसती कापसाची गादी आहे. ती महिन्याने धुतो, पावसाळ्यात पंधरा दिवसांनी, आणि तीन-चार धुण्यांनंतर फेकतो. मुलीने केसांसाठी डॉक्टरांना दाखवलं. हिमोग्लोबिन कमी निघालं.

बदलल्याची तारीख डब्यावर लिहून ठेवावी, नाहीतर 'आत्ताच तर बदलला' असं म्हणत वर्ष जातं. मार्करने लिहिलेली तारीख आठ दिवसांत वाहून गेली. सध्याची मुलीने नेलपॉलिशने लिहिली आहे.